विहिरीच्या डबरातल्या ‘गारगोट्या’

सिन्नर तालुक्यात मामाच्या मळ्यात नवी विहीर झाली. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडात पांढऱ्या-गुलाबी खड्यांनी भरलेली पोकळ्या-पोकळ्यांची डबर निघाली. मामा म्हणाला, “गारगोट्याच त्या, टाकल्यात बांधाला. हव्या तेवढ्या ने.” दोन दिवस काढून गेलो.

आधी माळेगाव एमआयडीसीतलं खनिजांचं ‘गारगोटी’ संग्रहालय पाहिलं, आणि हाच क्रम ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. चांगला नमुना एकदा नीट पाहिला की मातीने माखलेला तुकडाही ओळखू येतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज तर डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या काळ्या दगडातून असा रंग निघतो, याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून हे स्फटिक जमले. आपण सरसकट गारगोटी म्हणतो, पण खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ, कठीणता 1 ते 10 च्या मोजपट्टीवर 7. तिच्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट तीच काचेवर चरा पाडते. मी कोपऱ्यावर चाकू ओढत गेलो आणि मामाच्या ‘गारगोट्या’ एकेक करून ओरखडल्या गेल्या!

मग आकार पाहिला. मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखे जुडगे, मोत्यासारखी झाक: ते स्टिलबाइट. पाण्यासारखे स्वच्छ, चौकोनी, टोकाला निमुळते स्फटिक अपोफिलाइटचे. क्वार्ट्‌झ असता तर सहा बाजू दिसल्या असत्या. एक तुकडा तिरक्या चौकटींत फुटत होता. त्याची भुकटी करून व्हिनेगर टाकलं, बारीक बुडबुडे आले. कॅल्साइट. रंगावर मात्र विसंबू नका. पांढरे हे सगळेच असतात, आणि लोहाच्या डागाने पांढऱ्याचं तांबूसही होतं.

जाणार असाल तर पावसाळा टाळा, डबर निसरडी होते. जाड तळाचे बूट हवेत, आणि हातोडा उचलण्याआधी डोळ्यांना संरक्षक चष्मा. काळ्या दगडाची कपची सुरीसारखी उडते. दहापट भिंग, स्टीलचा चाकू, व्हिनेगरची छोटी बाटली आणि भरपूर रद्दी एवढं पुरतं. ओरखडा नेहमी मागच्या बाजूला किंवा फुटक्या तुकड्यावर काढा. कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा दिसला तर तो बहुधा ओकेनाइट: बोट लावू नका, धुऊ तर मुळीच नका, तंतू चपटे होऊन कायमचे बसतात. मालकाला विचारल्याशिवाय खाणीत किंवा मळ्यात शिरू नका, आणि कठडा नसलेल्या विहिरीपासून लांबच राहा.

निघताना मामाने स्टिलबाइटची एक मोठी पेंढी मागून घेतली. ती आता त्याच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.