मोरीतला उजेड

अमावास्येची मोठी सुकती लागली की मालवणची काकी खडपावर जाते आणि टोपलीभर शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढून आणते. साफ करायचं काम सुट्टीला आलेल्या माझ्याकडे. वरची घाण सुरीने खरवडणं सोपं, खरा छळ दाढीचा. शिंपल्याच्या फटीतून तपकिरी, काथ्यासारख्या दोऱ्यांचा झुबका बाहेर आलेला असतो. याच दोऱ्यांनी तो खडकाला धरून राहतो. चिमटीत धरून हिसका दिला की चिमूट सुटते, दाढी तिथेच.

“ओढ रे जोरान, लाजतंस कित्या?” काकी चुलीपासून ओरडते.

निघालेली दाढी मी सरळ मोरीत टाकतो. आपण खायचं ते ठेवून दाढी फेकतो, पण हर्बर्ट वेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला नेमकं तेच हवं होतं, जे या दोऱ्याला खडकावर धरून ठेवतं. शिंपल्याचा इवलासा पाय हा गोंद तयार करतो. हजारो शिंपल्यांचे पाय कापायचे आणि गोंद काढायचा. एका ग्रॅमसाठी सुमारे १०,००० शिंपले. काकीने ऐकलं तर म्हणेल, एवढ्यात अख्खी वाडी जेवली असती. पण १९८१ साली त्याच्या हाती या गोंदातलं डोपा हे रसायन लागलं. साध्या गोंदाला ओला दगड दाखवला की तो हात टेकतो, मधला पाण्याचा पापुद्रा त्याला चिकटूच देत नाही. डोपा तो पापुद्रा बाजूला सारून थेट दगड धरतं.

पुढे अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावर काइचांग ली हे लाकडाच्या गोंदांवर काम करणारे शास्त्रज्ञ खेकडे धरायला गेले. लाटांचा मार खाऊनही खडक न सोडणारे शिंपले त्यांनी पाहिले आणि सोयाबीनच्या पिठालाच या गोंदाचे गुण लावले. त्यातून फॉर्मल्डिहाइड या झोंबऱ्या रसायनाशिवायचं प्लायवूड निघालं. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. खेकडे किती मिळाले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असता.

मोरीवर बसलं की मला ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ हटकून आठवतात. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला त्यांनी सुमारे १०,००० जेलीफिश पकडल्या. तिच्या कडेला हिरवट उजेड असतो, तो कशाचा, एवढाच ध्यास. अर्क काही धड निघेना. होडी वल्हवत नेऊन ते पाण्यावर विचार करत पडून राहायचे. एके दिवशी कामातून गेलेला अर्क बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळंशार उजळलं. मत्स्यटाकीचं वाहून आलेलं समुद्राचं पाणी तिथे होतं, त्यातल्या कॅल्शियमने किमया केली. त्याच जेलीफिशमधून हिरवं चमकणारं आणखी एक प्रथिनही हाती लागलं. आज जिवंत पेशीत कोणतं प्रथिन कुठे जातं हे बघायला डॉक्टर-शास्त्रज्ञ त्याचाच दिवा लावतात. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच, तिघांत वाटून.

रात्री सगळे निजल्यावर, लाज वाटत होती तरी, मी दिवा घालवून मोरीत डोकावलो. काळोख. नुसतं पाणी चमकल्यासारखं वाटलं, तेही कौलातल्या काचेतून आलेल्या चांदण्यांमुळे.

सकाळी काकीने हाक मारली.

“मोरयेत काय कोंबलंस रे? पाणी जायना नाय!”