इंडियानातलं हार्डवेअरचं दुकान

"आत्या, इंडियाना? अगं, सहा तास लागतील!" भाचा चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला. त्याला वाटलं मी इंडियाना राज्याबद्दल बोलतेय. मला जायचं होतं ते इंडियाना नावाचं गाव पेनसिल्वेनियातच आहे, पिट्सबर्गच्या त्याच्या घरापासून फार तर दीड तासावर. ऑक्टोबरातला शनिवार होता. त्याने निमूटपणे गाडीची किल्ली उचलली.

हॉलिवूडचा नट जेम्स स्टुअर्ट याचा जन्म याच गावातला, 20 मे 1908चा. 'व्हर्टिगो' आणि 'रिअर विंडो'मधला तो उंच, किडकिडीत, अडखळत बोलणारा माणूस मला आवडतोच. पण मी निघाले होते त्याच्या वडिलांच्या दुकानासाठी. आमचंही सांगलीला हार्डवेअरचं दुकान. मी लहानपणी गल्ल्यामागे बसून खिळ्यांच्या पुड्या बांधल्यात, बिजागऱ्या मोजल्यात. जगप्रसिद्ध नटाचा बाप आयुष्यभर खिळेच विकत राहिला, हे वाचलं तेव्हापासून हे गाव डोक्यात होतं.

स्टुअर्ट संग्रहालय फिलाडेल्फिया स्ट्रीटवर, सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. 1995 साली सुरू झालं. आत जुन्या चित्रपटगृहाच्या धाटणीचं एक छोटंसं थिएटर, भिंतीभर पोस्टर्स आणि त्याचाच एक पुतळा, पण फायबरचा. त्याची गोष्ट झकास आहे. 1983 साली त्याच्या 75व्या वाढदिवसाला गावाने कोर्टासमोर पुतळा उभारायचं ठरवलं, आणि ब्राँझचा पुतळा वेळेत तयारच झाला नाही. मग फायबरच्या पुतळ्याचं अनावरण उरकलं. खुद्द उत्सवमूर्ती समोर हजर! खरा ब्राँझचा आता कोर्टासमोर आहे आणि हा इथे वर येऊन राहिलाय.

दुकानाच्या गोष्टींपाशी मी रेंगाळले. एकदा एका गिऱ्हाइकाकडे पैसे नव्हते, त्याने सामानाच्या बदल्यात अकॉर्डियन दिलं. पोरगा जिमी तेच वाजवायला शिकला. आमच्या अण्णांनीही उधारीपोटी एकदा सायकल ठेवून घेतली होती, पण आमच्यातलं कुणी सायकलपटू झालं नाही.

आणि ऑस्करची गोष्ट. फेब्रुवारी 1941मध्ये 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. पहाटे वडिलांचा फोन. काहीतरी बक्षीस मिळालंय म्हणे तुला, काय आहे ते, ढाल की काय? घरी पाठव, दुकानाच्या काचेत ठेवतो. हे स्टुअर्ट स्वतःच रंगवून सांगायचा. बाहुली खरोखरच इंडियानाला आली आणि कितीतरी वर्षं दुकानाच्या शोकेसमध्ये उभी राहिली. म्हणजे दारापुढून जाणाऱ्याने हातोडी घ्यायला आत शिरावं आणि वाटेत ऑस्कर पाहावा.

ऑस्कर मिळून महिना व्हायच्या आत हा गृहस्थ सैन्यात भरती झाला. आधी वजन कमी भरलं म्हणून परत पाठवला होता, तो वजन वाढवून पुन्हा गेला. परदेशी निघताना वडिलांनी त्याच्या हाती पत्र दिलं, सोबत बायबलातलं 91वं स्तोत्र. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या तळावरून त्याने बॉम्बफेकी विमानं घेऊन 20 मोहिमा केल्या. हवाई दलाच्या राखीव तुकडीतून 1968 साली निवृत्त झाला तो ब्रिगेडियर जनरल म्हणून.

युद्धावरून परतल्यावरचा पहिला चित्रपट 'इट्स अ वंडरफुल लाइफ', 1946चा. त्यातला नायक म्हणजे गाव सोडून जग पाहायची स्वप्नं बघणारा आणि बापाच्या धंद्यापायी गावातच अडकलेला जॉर्ज बेली. तेव्हा हा चित्रपट तोट्यात गेला. 1974 साली कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो फुकटात दाखवता येऊ लागला आणि दर नाताळला घराघरांत पोचला. मला मात्र स्टुअर्टमधला दुकानदार दिसतो तो 1950च्या 'विंचेस्टर 73'मध्ये. स्टुडिओला त्याचं मानधन परवडेना, तर त्याने नफ्यात हिस्सा मागितला आणि भरपूर कमावला. मी हे वाचून मोठ्याने हसले, भाच्याने इकडेतिकडे पाहिलं.

दुकान आज उरलेलं नाही. त्या जागी बँक आहे. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून काच साधारण कुठे असेल याचा अंदाज घेत होते. न राहवून भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, तो शटर ओढत होता.

"दुकानाच्या काचेत काय ठेवलंयस सध्या?"

"पाण्याच्या मोटरी. का गं?"

"काही नाही. पोराला देते, बोल."

भाच्याने फोन घेतला आणि विचारलं, "बाबा, माझी ती ट्रॉफी कुठेय, इंजिनिअरिंगची?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ हसत होता.