तुम्ही विचारलंत म्हणून: चकचकीत ट्रक मळवायचा कशाला?

माझे मॉडेल ट्रक पाहायला कोणी आलं, की पहिली दोन मिनिटं कौतुकात जातात. मग नजर डिझेलच्या टाकीवरून उतरलेल्या काळ्या ओघळापाशी थांबते आणि ठरलेला प्रश्न येतो: ‘इतका सुरेख रंग दिला होतात, मग वरून मळवलात कशाला?’ विचारणाऱ्याच्या आवाजात खरी हळहळ असते आणि ती मला कळते. त्या रंगासाठी मीही पाच-सहा संध्याकाळी घालवलेल्या असतात. आधी प्रायमर, त्याला पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासणं, मग एअरब्रशनं पातळ थर, एक वाळला की दुसरा. हे सगळं करून झाल्यावर त्यावर धूळ बसवायची म्हणजे पाहणाऱ्याच्या पोटात कालवणारच.

तरी मी मळवते, कारण ट्रक हे राबणारं यंत्र आहे. कारचं मॉडेल करणारे बरेच जण गाडी शोरूममधून निघते त्या क्षणी तिला थांबवतात. मला ट्रक आवडतो तो त्यानंतरचा, काही लाख किलोमीटर धावलेला. त्यानं काय वाहिलं, कुठल्या रस्त्यानं वाहिलं, चालवणारा कसा होता, हे सगळं त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. ते उमटवायचं तर तो चालतो कसा हे आधी समजून घ्यावं लागतं. या छंदात मला सगळ्यांत जास्त आनंद तिथं मिळतो.

टाकीवरचा ओघळच घ्या. पेट्रोल सांडलं तर उडून जातं. डिझेल तेलकट असतं, ते रेंगाळतं आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून झाकणाच्या बरोबर खाली, टाकीच्या गोलाईवरून एक गडद पट्टा उतरतो. तो झाकणापासून बोटभर बाजूला काढला तर नुसता डाग दिसतो, डिझेल दिसत नाही. कॅबिनच्या मागे, जिथं ट्रेलर अडकतो त्या फिफ्थ व्हीलवर काळं, दाट ग्रीस असतं, कारण ट्रेलरच्या पुढच्या भागाचा सगळा भार त्या तबकडीवर घासत फिरतो. ट्रेलर जोडताना आणि सोडताना हे ग्रीस ओरखडलं जातं, मधे धातू चमकतो आणि कडेला ग्रीसचे ढीग साचतात. मी तिथं काळ्या ऑइल कलरमध्ये किंचित तपकिरी मिसळते आणि मुद्दाम चमक ठेवते. बाकीचा सगळा ट्रक मॅट आणि ही एक जागा ओली, एवढ्यानंच ते जोडकाम जिवंत होतं.

ट्रेलरची मागची दारं नेहमी पुढच्या भागापेक्षा जास्त मळकी असतात. धावत्या ट्रकच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेली धूळ आणि पाणी भोवऱ्यासारखं फिरून मागे ओढलं जातं आणि दारांवर बसतं. कॅबिनमागे धुराडी उभी असतील तर काजळी ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात जमते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: ट्रॅक्टर, म्हणजे कॅबिन असलेला ओढणारा पुढचा भाग, आणि ट्रेलर यांची मळ सारखी नसते. एकच ट्रॅक्टर आज हा ट्रेलर ओढतो, उद्या दुसरा. त्यामुळे कालच धुतलेल्या ट्रॅक्टरमागे वर्षानुवर्षं न धुतलेला ट्रेलर अगदी खरा वाटतो. दोन्हींवर एकाच रंगाची, एकाच जाडीची धूळ मारली की समजावं, ती कपाटातली धूळ आहे.

मापाचं भान मात्र सुटता कामा नये. अमेरिकी ट्रकांचे किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचे संच, बहुधा १:२५ मापात येतात, युरोपीय १:२४ मध्ये. म्हणजे माझ्या टेबलावरचा एक मिलिमीटर खऱ्या ट्रकवर अडीच सेंटिमीटर होतो. ब्रशच्या टोकानं सहज टेकवलेला चिखलाचा ठिपका तिकडे चांगला मुठीएवढा गोळा ठरतो. मी सुरुवातीला केलेले ट्रक आता पाहिले की जणू कोणी त्यांच्यावर मातीची ढेकळं मारली आहेत असं वाटतं. रंगाचे टवके तर आता मी स्पंजच्या तुकड्यानं टिपते, तेही आधी बराचसा रंग कागदावर टिपून टाकून.

पद्धत म्हणाल तर अवघड नाही. खालचा रंग ॲक्रिलिक किंवा लॅकर, त्यावर वार्निशचं कवच, आणि मळ सगळी एनॅमल किंवा ऑइल कलरमध्ये. हे रंग व्हाइट स्पिरिटनं पातळ होतात आणि व्हाइट स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही. मनासारखं झालं नाही तर पुसून पुन्हा करता येतं. विंडशील्डवर धूळ मारण्याआधी वायपर जिथवर फिरतो तेवढा कमानीसारखा टेपचा तुकडा कापून चिकटवते. धूळ मारून टेप काढली, की काचेवर वायपरनं पुसल्यासारख्या दोन स्वच्छ कमानी उरतात. खूप वर्षं झाली, तरी ती टेप काढायच्या क्षणी मी श्वास रोखते.

आता एक चूक सांगते, कारण खरं उत्तर तिच्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एएमटी या किट बनवणाऱ्या कंपनीचा पीटरबिल्ट ३५९ केला होता. खरा ३५९ हा १९६७ ते १९८७ या काळात बनलेला लांब नाकाचा, अतिशय देखणा ट्रक. मला गंज रंगवायची नुकतीच गोडी लागली होती, म्हणून मी दरवाज्याच्या खालच्या कडेला गंज दाखवला आणि पुढच्या एका चाकाच्या नटांपासून बाहेरच्या दिशेनं तपकिरी रेघा काढल्या. फोटोत छान दिसत होतं. मग आयुष्यभर ट्रक चालवलेल्या एका काकांनी तो पाहिला. काहीच न बोलता ते खाली वाकले, चाक न्याहाळलं आणि म्हणाले, ‘याचे नट ढिले आहेत. ही गाडी मी रस्त्यावर काढणार नाही.’

ढिला नट चालताना सूक्ष्म हलतो, धातू घासला जातो, त्याचा गंजट भुगा पाण्याबरोबर बाहेर येतो आणि नटापासून किरणांसारख्या रेघा उमटतात. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारताना चालक हीच खूण शोधतो. मी ती नुसती शोभेसाठी काढली होती. दरवाज्यावरचा गंजही खोटाच होता, कारण ३५९ ची कॅबिन ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. तिथं फार तर रंगाखाली फुगवटे येतात, पांढरट भुकटी दिसते. गंज शोभला असता तो खालच्या पोलादी चेसिसवर, आणि ती मी नेमकी कोरी करकरीत काळी ठेवली होती.

काकांनी त्या प्लास्टिककडे ट्रक म्हणून पाहिलं, याचा मला विलक्षण आनंद झाला आणि त्याच ट्रकनं त्यांना खोटं सांगितलं, याची लाजही वाटली. त्या दिवसापासून एक नेम केला आहे: ज्याचं कारण मला सांगता येत नाही असा एकही डाग काढायचा नाही.

सगळेच ट्रक मळवायचे असंही नाही. काही मालक-चालक आपला ट्रक लेकरासारखा सांभाळतात, क्रोम आरशासारखं घासतात. तसा ट्रक करताना मी तो स्वच्छच ठेवते. फक्त जिथं फडकं पोचत नाही तिथं, म्हणजे बंपरच्या मागे, पाट्यांच्या मधल्या फटीत, टाकीच्या पट्ट्याखाली, जरा धूळ राहू देते. त्यातून पुसणाऱ्याचा हात दिसतो.

सध्या टेबलावर इटालेरी या किट कंपनीचा १:२४ मधला स्कॅनिया १४३ हा युरोपीय ट्रक आहे. याची कॅबिन पोलादी, त्यामुळे चाकाच्या कमानीच्या कडेला मनापासून गंज दाखवता येतो. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून त्याला हिवाळाभर फिरवायचं ठरवलं आहे, म्हणून खालच्या निम्म्या अंगावर मिठाची पांढुरकी झाक आली आहे. ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या ड्रिलच्या पात्याभोवती तार गुंडाळून केल्या आहेत, एक लाल आणि एक पिवळी, युरोपात असतात तशा. अमेरिकी ट्रक असता तर पिवळीच्या जागी निळी आली असती.

काल डाव्या पायरीच्या कडेचा रंग झिजवून खालचा धातू दाखवला. चालक डावीकडे बसतो, दिवसातून वीस वेळा तिथूनच चढतो-उतरतो. उजव्या पायरीवर नुसती धूळ आहे, रंग शाबूत आहे. हा माणूस एकटाच फिरतो.