फोटो न बघता खानापूर रोड

मी जलरंगात लँडस्केप करतो, पण जागेवर बसून करत नाही. माझं कामच तसं आहे, एमआर माणूस, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, सकाळी बेळगावातून बाईक काढायची, कधी खानापूर-नंदगड, कधी गोकाक, कधी हुक्केरी-संकेश्वर करत निपाणीपर्यंत, डॉक्टरांच्या वेळा सांभाळायच्या, त्यात रस्त्याकडेला बोर्ड मांडून पेपर ओला करून बसायला वेळ कुठला. पण रस्ता तर रोज डोळ्यासमोर असतोच. म्हणून रात्री जेवणं झाली की टेबल पुसायचं, पेपर लावायचा आणि डोळ्यात जे राहिलंय ते काढायचं. कधी त्याच दिवसाचं, कधी कॉलेजच्या वेळचं, कधी अगदी लहानपणी मामाच्या गावाला जातानाचं. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

मित्र म्हणतात, "अरे फोन हाय की खिशात, थांबून एक फोटो काढ की, घरी बघून कर." त्यांना चांगलंच वाटतंय माझं, पण मी मुद्दाम काढत नाही आणि त्याचं कारण नीट सांगायचं म्हणून हे लिहायला बसलोय.

आपला येळ्ळूरचा गड घ्या, राजहंसगड. वडगाव-अनगोळच्या बाजूनं शेतात उभं राहून बघितलं तर तो केवढा वाटतो, सगळं आभाळ त्यानंच धरलंय असं वाटतं. आता फोनमध्ये फोटो काढा, बारीक होऊन मागं जाऊन बसतो आणि पुढचा बांध, विजेचा खांब, कुणाचा तरी पंपसेट हेच मोठं दिसतं. फोनचा मेन कॅमेरा वाइड अँगलचा असतो, लांबचं लहान करतो, जवळचं फुगवतो. दुसरं म्हणजे आजकालचे फोन सावल्या उजळून दाखवतात, झाडाखालचा अंधार आपल्याला एक गडद डाग म्हणून दिसलेला असतो आणि फोटोत त्याच्यातलं पान न् पान मोजता येतं. मग समोर फोटो ठेवून पेंटिंग केलं की हात ती पानं काढायला लागतो, नको म्हटलं तरी काढतो, आणि जलरंगात हेच मारून टाकतं. एकदा घातलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, परत परत चिवडला की पेपर मळतो, त्यातला उजेड जातो. ऑइल किंवा अॅक्रिलिकसारखं वरून पांढरा लावून सुधारू म्हणता येत नाही, पांढरं म्हणजे कोरा पेपर, तो आधीच राखून ठेवायला लागतो. म्हणजे काय सोडायचं हे ब्रश उचलायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आठवणीतून काढताना ते बरंचसं आधीच ठरून आलेलं असतं, पंपसेट आठवतच नाही, गड आठवतो.

पण आठवण आपोआप चांगली असते असं काही नाही, तिला सवय लावायला लागते. मी काय करतो ते सांगतो. जागा आवडली की बाईक स्टँडवर लावतो, हेल्मेट काढतो आणि मनातल्या मनात बोलतो. सगळ्यात गडद कुठं आहे? सगळ्यात उजेड कुठं आहे? आभाळ जमिनीपेक्षा फिकं आहे की गडद? (पावसाळ्यात खूपदा पिकलेल्या किंवा ओल्या चमकणाऱ्या शेतापेक्षा आभाळच गडद असतं, हे बघायला शिकल्यावर माझी चित्रं एकदम बदलली.) डोंगराची कड कुठं कडक आहे, कुठं विरघळलीय? ऊन कुठल्या बाजूनं? एवढंच, शब्दात. मग डोळे मिटून परत एकदा म्हणायचं आणि निघायचं. रात्री टेबलावर पहिल्यांदा पेन्सिलीनं काडेपेटीएवढा चौकोन काढून त्यात फक्त तीन टोन भरतो, फिका, मधला, गडद. तो चौकोन जमला तर मोठा पेपर घ्यायचा, नाही जमला तर त्या दिवशी नुसतं झोपायचं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे एक चित्रकलेचे मास्तर होते, ते मुलांना आठवणीतूनच काढायला लावायचे, आधी साध्या वस्तू, मग म्युझियममध्ये जाऊन चित्र डोळ्यात साठवून यायचं आणि वर्गात येऊन काढायचं. पुढं मोठा शिल्पकार झालेला रोदँ त्यांच्याच हाताखाली शिकला. इंग्लंडचा चित्रकार टर्नर, त्याचंही तसंच, हिंडताना वहीत पेन्सिलीनं भराभर नोंदी करायचा, मधेच रंगाचं नाव लिहून ठेवायचा आणि पेंटिंग बहुतेक वेळा घरी येऊन. आणि लांब कशाला जायचं, आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर, चित्रकलेची शाळा होती, चित्रकार रवी परांजपे तिथंच शिकून पुढं एवढे मोठे झाले. ह्या गावात चित्रकलेची मुळं खोल आहेत, ती नुसती अभिमानानं सांगण्यापुरती राहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या भागाच्या रंगांबद्दल. हा माझा सगळ्यात आवडता विषय, थोडं लांबेल.

बेळगावातून दक्षिणेला-नैऋत्येला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं निघालं की माती तांबडी होत जाते, जांभा दगड लागतो, आणि उत्तरेला-पूर्वेला चिकोडी, गोकाककडं गेलं की काळी रानं. एकाच जिल्ह्यात दोन पेंटबॉक्स लागतात. तांबड्या मातीला मी बर्न्ट सिएना आणि लाइट रेड वापरतो, आणि ह्यात एक गोष्ट आहे जी कळल्यावर मला फार आनंद झाला होता. बर्न्ट सिएना म्हणजे मुळात मातीच, लोहाचा अंश असलेली पिवळट माती, ती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती तांबडी होते. जांभ्याचा तांबडेपणा पण लोहाच्या ऑक्साइडमुळंच, आपला गेरू पण तेच. आणि खानापूरची कौलं, तिथली मातीची भांडी भट्टीतून लाल होऊन येतात तेव्हा तिथंही हीच गोष्ट घडते. म्हणजे खानापूरच्या घराचं छप्पर मी ज्या रंगानं रंगवतो तो रंग आणि ते छप्पर दोन्ही एकाच जातीचे. त्यामुळं तो रंग तिथं कधी उपरा वाटत नाही, पाण्यात नुसता सोडला तरी बसतो.

काळ्या रानाला काळा रंग अजिबात घ्यायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना पेपरवरच एकमेकांत मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण जाड असतात, ते खरखरीत पेपरच्या खड्ड्यात जाऊन बसतात आणि नांगरलेल्या रानाचा पोत आपोआप मिळतो. दुपारच्या उन्हात काळी माती जांभळट राखाडी दिसते, संध्याकाळी निपाणीच्या बाजूला तर सगळंच तंबाखूच्या रंगाचं होतं.

हिरवा सगळ्यात अवघड. जुलैत येळ्ळूर, देसूर, खानापूर कुठंही जा, हिरवाच हिरवा, आणि ट्यूबमधला सॅप ग्रीन सगळीकडं लावला की चित्र प्लास्टिकचं दिसतं. मी हिरवा विकतच घेत नाही आता. तरवा असतो ना, लावणीच्या आधीची भाताची रोपं, त्याचा हिरवा वेगळाच, जवळजवळ पिवळा, त्याला लेमन यलो आणि अगदी टोकभर निळा. लावण झालेल्या वाफ्यात मात्र हिरवा कमी आणि आभाळच जास्त असतं, कारण पाणी असतं ना, मग तिथं आधी आभाळाचा राखाडी वॉश आणि तो अर्धा सुकल्यावर हिरव्याच्या बारीक रेघा. लांबच्या डोंगराच्या हिरव्यात थोडा बर्न्ट सिएना टाकायचा, तो मान खाली घालून मागं जातो. आणि लावणीच्या बायका, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या, निळ्या पिवळ्या, त्या ओळीनं वाकलेल्या असतात, त्यांना मी चेहरे हातपाय काही काढत नाही, रंगाचे नुसते ठिपके, पण ते ठिपके कुठं पडायचे हे चुकून चालत नाही. दिवसभर वाकून केलेलं काम आहे ते. पाठीचा बाक त्या एका ठिपक्यात आला पाहिजे.

धुक्यासाठी कणकुंबी. मलप्रभा तिथं उगवते, माउलीच्या देवळापाशी, आणि पुढं चोर्ला घाट, गोवा. पावसाळ्यात तिथं समोरचं झाड गडद, त्याच्या मागचं अर्धं, त्याच्या मागचं असून नसल्यासारखं. पूर्ण पेपर दोन्ही बाजूंनी ओला करून लांबचं आधी काढायचं आणि पेपर जसजसा सुकत जाईल तसतसं जवळ येत यायचं. बेळगावच्या पावसाळ्यात हे फार सोपं पडतं कारण हवेतच एवढा ओलावा असतो की पेपर लवकर सुकतच नाही, निवांत काम करता येतं. फक्त एक काळजी, त्याच ओलाव्यानं पेपर खराब होतो, वरचं साइझिंग, म्हणजे खळीसारखा लेप, गेलं की रंग टीपकागदासारखा जागच्या जागी शोषला जातो. मी कॉटनचा ३०० जीएसएमचा पेपर घेतो, महाग पडतो, म्हणून घट्ट पिशवीत बांधून त्यात औषधांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, आमच्याकडं त्यांना तोटा नाही.

गोकाकचा धबधबा लोक पांढरा काढतात. भर पावसात जाऊन बघा एकदा. घटप्रभा तांबूस, मातकट, चहासारखी येते आणि साधारण ५२ मीटर खाली पडते, पांढरं फक्त जिथं फुटतं तिथं आणि खालच्या तुषारात. माझ्या डोक्यात तर तो धबधबा रंगाआधी आवाज म्हणून आहे, वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा वडील काहीतरी सांगत होते आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यामुळं मी तो काढतो तेव्हा पाणी पेपरच्या कडेबाहेर जाऊ देतो, कापलेलं, मावत नसलेलं. बाजूचा झुलता पूल आणि गिरणीच्या दगडी भिंती एका कोपऱ्यात फिक्या. फोटो बघून केलं असतं तर पूल मध्यभागी आला असता, कारण फोटो काढताना सगळे पूलच मधोमध धरतात.

हिडकल धरणात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे, पाणी चढलं की बुडतं, उन्हाळ्यात उतरलं की वर येतं. मी ते वेगवेगळ्या वेळी बघितलंय, कधी शिखरच तेवढं वर, कधी पायाशी भेगा पडलेला गाळ. चित्र करायला बसलो की दोन्ही एकदम येतात. मग ठरवायला लागतं. मी पाणी मंडपाच्या अर्ध्यावर ठेवलं, आणि दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा, एकाखाली एक, फिक्या होत गेलेल्या, कोरड्या ब्रशनं. असं त्या पातळीला मी ते बघितलं होतं की नाही शपथेवर सांगता येणार नाही, पण ज्यानं ते देऊळ बघितलंय त्याला हे पटतं. आमच्या शेजारच्या काकूंनी बघितलं आणि चपला काढूनच जवळ आल्या.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे सगळं चाललंय ते. जुना खानापूर रोड. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंनी झाडं, वड, आंबा, चिंच, जांभूळ, वर फांद्या एकमेकांत गेलेल्या, उन्हाळ्यात गाडीच्या खिडकीतून ऊन-सावली ऊन-सावली असं तोंडावर यायचं. रस्ता मोठा झाला, झाडं गेली. रस्ता लागत होता हे मला मान्य आहे, मीच रोज त्याच्यावरून जातो, वेळ वाचतो, ॲम्ब्युलन्स लवकर पोचते. पण झाडं गेली ती गेलीच आणि त्यांचे फोटो फारसे कुणाकडं नाहीत, कारण रोजच्या रस्त्याचे फोटो तेव्हा कोण काढत होतं. इथं आठवणीशिवाय दुसरा काही मार्गच नाही. हळूहळू ह्या रस्त्याची मालिका करतोय, टप्प्याटप्प्यानं, देसूरपासून पुढं.

पहिलं झालं ते आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं, बराच वेळ. "ह्ये देसूरच्या फुडचं नव्हं रे? मग हितं चिंच पायजे की. आमी गाडीतनं उतरून चिंचा वेचायचो." मला तिथं चिंच आठवत नव्हती, मला तिथं मोकळं ऊन आठवत होतं. मामाला फोन लावला, तो म्हणाला चिंच होती पण रस्त्याच्या पलीकडं, आणि ती माझ्या जन्माआधीच पडली. म्हणजे आईची आठवण माझ्याहून जुनी. मग दुसरा पेपर घेतला, आईनं सांगत जायचं आणि मी काढायचं, बुंधा केवढा, फांदी कुठल्या बाजूला वाकलेली, खाली सावली पातळ की दाट. चिंचेची सावली पातळच असते, पानं बारीक म्हणून, ते तिनं न विचारता सांगितलं. तो वॉश करताना मी बर्न्ट सिएनाच्या रस्त्यावर निळसर राखाडी अगदी पाण्यासारखा पातळ ठेवला, मधे मधे पेपर कोरा सोडून.

आता दोन्ही ठेवलेत, माझा आणि आईचा. पुढच्या टप्प्यासाठी मामाकडं जाऊन बसणार आहे, त्याला प्रत्येक झाड कुठं होतं ते माहीत आहे असं तो म्हणतो, सायकलवरून शाळेला तिथूनच जायचा. तुमच्या घरात कुणी त्या रस्त्यानं रोज ये-जा केलेलं असेल तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा, कुठलं झाड कुठल्या वळणावर होतं, आणि मला कळवा. मला चालेल कितीही बारीक असलं तरी.