शिरोलीजवळचे चार्जिंग स्टेशन आणि अडकलेला व्यवहार्यता अहवाल

पुणे-बंगळूर महामार्गालगत कोल्हापूरच्या शिरोलीजवळ 60 किलोवॉटचे दोन फास्ट चार्जर बसवायचे ठरले, तेव्हा परवान्याचेच काम जिकिरीचे होईल, अशी भीती मला अनेकांनी घातली होती. वास्तविक चार्जिंग स्टेशनसाठी वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. जागा, यंत्रखरेदी आणि बांधकाम सुरळीत पार पडले. घोडे अडले ते वीजजोडणीच्या तांत्रिक व्यवहार्यता अहवालापाशी, म्हणजे मागितलेला भार तिथली यंत्रणा पेलेल का, हे सांगणाऱ्या वीज कंपनीच्या अहवालापाशी.

दोन्ही चार्जर पूर्ण क्षमतेने चालले, तर गाड्यांना 120 किलोवॉट मिळतात. पण यंत्रातली घट आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरला की जोडणीतून सुमारे 130 केव्हीए (एकूण विद्युत भाराचे एकक) घ्यावे लागतात. शेजारचा 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हा भार पेलणे शक्यच नव्हते, म्हणून मी अर्जातच 11 केव्ही (11 हजार व्होल्टच्या) वाहिनीवरून स्वखर्चाने स्वतंत्र 200 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागितला होता. तरीही ‘जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर क्षमता शिल्लक नाही’ असा शेरा घेऊन फाइल परत आली. जे मी मागितलेच नव्हते, ते नाकारल्याचा तो शेरा काढून घेण्यासाठी मला पुन्हा लेखी खुलासा द्यावा लागला.

पुढचा आक्षेप रास्त होता. त्याच वाहिनीवर कारखाने असल्याने तिचा कमाल भार पाहणे आवश्यकच होते. मात्र तो आकडा उपकेंद्राच्या नोंदवहीत तासातासाला लिहिलेला असताना ती वही उघडायला कोणी तयार नव्हते. साहेब फिरतीवर असत किंवा फाइल दुसऱ्या टेबलावर असे. अखेर एका कनिष्ठ अभियंत्यांनी स्वतः नोंदी काढल्या आणि वाहिनीवर पुरेशी क्षमता असल्याचे अर्ध्या तासात सिद्ध झाले. त्यांचे आभार मानताना माझा राग काही लपला नाही.

म्हणून जागेचा भाडेकरार करण्याआधीच तिथल्या वाहिनीचा कमाल भार विचारून घ्यावा. विक्रेत्याकडून चार्जरची बाहेर पडणारी क्षमता नव्हे, तर आत लागणारे केव्हीए लेखी घ्यावेत. 2019 आणि 2021 च्या महापुरात याच भागात महामार्ग पाण्याखाली गेला होता, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा चौथरा पूररेषा पाहूनच बांधावा. आमच्या कंत्राटदाराला हे पटवताना बराच वाद झाला. विद्युत निरीक्षकांची तपासणी बिनबोभाट झाली, कारण अर्थिंगचे काम आधीच चोख करून घेतले होते. आणखी एक, भविष्याचा विचार करून करारातली मागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेला कमाल भार, आताच फुगवू नये, कारण बिलातला मागणी आकार तिच्याशी जोडलेला असेल, तर एकही गाडी आली नाही तरी तो दरमहा भरावाच लागतो.