हेलिकॉप्टरवाला चीफ

आमच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या सोसायटीत एक पोरगा एनडीएची तयारी करतोय, त्याला विचारलं पुढे काय उडवणार, तर उत्तर ठरलेलं, राफेल. हेलिकॉप्टर म्हटलं की तोंड वाकडं. पण 4 ऑगस्ट 2019 ला इथून जवळच, खडवलीकडे जू-नांदखुरी गाव पुराच्या पाण्यात गेलं तेव्हा राफेल नव्हतं येणार, एमआय-17 हेलिकॉप्टर आलं आणि घरांच्या छपरांवर अडकलेल्या 58 जणांना उचलून घेऊन गेलं.

पोराला तरी काय बोलणार, एअरफोर्समध्येसुद्धा चीफच्या खुर्चीत इतकी वर्षं फायटरवालेच दिसायचे. 2007 मध्ये पहिल्यांदा हेलिकॉप्टर पायलट तिथे बसला, एअर चीफ मार्शल फली होमी मेजर. (एअरफोर्समध्ये राहून आडनाव मेजर, फोनवर नाव सांगताना काय मजा होत असेल.) सिकंदराबादचा पारशी माणूस, 1967 च्या शेवटी कमिशन, फ्लाइंगचे तास 7,700 च्या वर, श्रीलंकेत आयपीकेएफच्या (भारताने तिथे पाठवलेल्या शांतिसेनेच्या) वेळी तेव्हा नव्याच आलेल्या एमआय-17 च्या युनिटचं नेतृत्व केलं, त्यासाठी वायुसेना मेडल.

पण मला त्यांचं सगळ्यात आवडतं ते ऑक्टोबर 1992 मधलं. हिमाचलात परवाणूला टिंबर ट्रेल रिसॉर्टच्या केबल कारची ओढणारी केबल तुटली, खाली दरी, अटेंडंटने उडी मारली तो गेला, आणि दहा टुरिस्ट मधेच लटकलेले. फली मेजर तेव्हा ग्रुप कॅप्टन, सरसावाच्या 152 हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख. एखाद्या ज्युनियरला पाठवून स्वतः रेडिओवर बसता आलं असतं, कोणी नावं ठेवली नसती, पण हा माणूस स्वतः सीटवर बसला. आता विचार करा, एमआय-17 चा रोटर 21 मीटरचा, केबल कारच्या तारा तिथेच, आणि त्या पात्यांचा वारा असा की खालची कार झुलायला लागते, वर पायलटला पोटाखालचं काहीच दिसत नाही, दारात पालथा पडलेला क्रू जे सांगेल, थोडं डावीकडे, थोडं मागे, त्या आवाजावर विश्वास ठेवून मशीन जागच्या जागी धरायचं. आणि एकदा नाही, प्रत्येक माणूस वर येईपर्यंत. आर्मीचे पॅरा कमांडो मेजर (हा मात्र हुद्दा) इव्हान क्रास्टो विंचने, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दोरावरून, कारच्या टपावर उतरले, आत गेले, एकेकाला बांधून वर पाठवायला लागले. अंधार पडला तेव्हा सगळे निघाले नव्हते, मग क्रास्टो उरलेल्यांबरोबर रात्रभर त्या कारमध्येच थांबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे काढले. दहाच्या दहा वाचले. क्रास्टोंना कीर्ती चक्र, फली मेजरना शौर्य चक्र.

माझ्या मते चीफ होण्याची तयारी तिथेच झाली, दिल्लीच्या ऑफिसात नाही. युनिटमधल्या पोरांनी एकदा साहेबाला असं हॉवर करताना पाहिलं की पुढे त्याची ऑर्डर कोण टाळणार! नंतर 2004 च्या त्सुनामीत तिन्ही दलांच्या मदतीची सूत्रं त्यांच्याकडे होती, तेही जमलंच.

2009 मध्ये ते रिटायर झाले, त्यांच्या जागी आपले पी. व्ही. नाईक आले, मराठी माणूस चीफ झाला म्हणून घरात आम्ही खूश होतो, पण ते फायटरवाले, आणि त्यांच्यानंतरचेही सगळे फायटरवालेच. एवढ्या वर्षांत दुसरा एकही हेलिकॉप्टरवाला मिळू नये, हे मला काही पटत नाही.