आमची वाटचाल : स्टॉलवर घडलेलं सॉफ्टवेअर

आमची कंपनी लहान आहे. सेवाभावी संस्थांसाठी निधी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवायचं, एवढं एकच काम आम्ही करतो. जाहिरातीवर खर्च करण्याइतका हात कधी सैल नव्हता, त्यामुळे लोकांपुढे जायचं ते संस्थांच्या परिषदांमध्ये स्टॉल लावूनच, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. या स्टॉलनी आम्हाला गिऱ्हाइकं दिलीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज आमचं सॉफ्टवेअर जसं आहे, तसं ते बव्हंशी स्टॉलसमोर उभं राहून झालेल्या बोलण्यांतून घडलं. ऑफिसात बसून आम्हाला ते सुचलं नसतं.

आम्ही नवखे होतो, क्षेत्र मात्र नवं नव्हतं. ब्लॅकबॉड ही कंपनी १९८१ सालची. तिचं 'रेझर्स एज' हे देणगीदारांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं. सिव्हीसीआरएम हे मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारं सॉफ्टवेअर २००५ पासून उपलब्ध आहे. ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर विकणारी सेल्सफोर्स ही बडी कंपनी तर पात्र संस्थांना पहिली दहा लायसन्स मोफत देते. एवढं सगळं असताना आम्ही कशाला, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारला आणि तो रास्तच होता. आमचं उत्तर होतं मधल्या फळीतल्या संस्था. दोन-चार पगारी माणसं, बाकी कार्यकर्ते, देणगीदार काही हजार आणि सगळी यादी एकाच माणसाच्या संगणकावर, एकाच एक्सेल फाइलमध्ये. तो माणूस रजेवर गेला की पावत्या थांबतात. अशा संस्थांना सॉफ्टवेअर बसवून देणारा सल्लागार परवडत नाही, आणि बसवल्यावर ते सांभाळायला वेगळा माणूसही नसतो.

स्टॉलवर आमचा डेमो सुरुवातीला आलेखांपासून सुरू व्हायचा. यंदा किती निधी आला, मागच्या वर्षी किती, कोणत्या मोहिमेला प्रतिसाद कसा. लोक बघायचे, चांगलं आहे म्हणायचे आणि पुढच्या स्टॉलकडे वळायचे. पाय थबकायचे ते पावतीचा पडदा (स्क्रीन) उघडला की. मग प्रश्नांची सरबत्ती.

त्यातला एक प्रसंग नेमका सांगतो, कारण त्याने आमच्या कामाची दिशा बदलली. एका संस्थेचे कोषाध्यक्ष आले. वय झालेलं, हातात वही. डेमो बघून घेतला आणि म्हणाले, "आता मी सांगतो ती देणगी यात भरून दाखवा." एका बाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली होती. पण चेक आला होता त्यांच्या भावाच्या कंपनीचा. त्यातली काही रक्कम शिष्यवृत्तीसाठी, उरलेली कायम निधीत टाकायची. "पावती कुणाच्या नावाने? आभाराचं पत्र कुणाला? पुढच्या वर्षी वडिलांच्या स्मृतिदिनाला आठवण कुणाला करायची? आणि लेखापरीक्षक आला की शिष्यवृत्तीतला शिल्लक आकडा मला कुठे दिसेल?"

या चार प्रश्नांत निधी संकलनाचं निम्मं शास्त्र आहे. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्या नावाने, कारण करसवलत त्याला मिळणार. आभार ज्यांच्यामुळे देणगी आली त्या बाईंचे. आणि ठरावीक कारणासाठी दिलेला पैसा त्याच कारणासाठी वापरायचा असतो. चालू खर्चाची ओढाताण झाली म्हणून तो इकडचा तिकडे करता येत नाही. त्यामुळे एक देणगी म्हणजे एक ओळ, ही मांडणीच पुरत नाही. पैसे देणारा, जिच्यामुळे देणगी आली ती व्यक्ती, जिच्या स्मरणार्थ आहे ती व्यक्ती आणि रकमेची विभागणी, या सगळ्यांची वेगवेगळी नोंद ठेवून ती एकमेकांना जोडावी लागते. आम्ही परत येऊन देणगीची सगळी रचना नव्याने बांधली. त्यात बरेच महिने गेले आणि त्या काळात दुसरं काहीही नवं केलं नाही. आज आमचा डेमो त्या कोषाध्यक्षांच्या देणगीपासूनच सुरू होतो, अर्थात नावं बदलून. समोर हिशेबनीस असेल तर त्याचा चेहरा तिथेच खुलतो.

एकच देणगीदार यादीत तीनदा असणं, हे दुसरं दुखणं. एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी, एकदा आडनाव आधी. एकाच घरी तीन पत्रं गेली की देणाऱ्याला वाटतं, आपल्या पैशांची हीच उधळपट्टी का? उच्चारावरून नावं जुळवण्याची युक्ती फार जुनी आहे. साउंडेक्स पद्धतीचं पेटंट १९१८ सालचं. पण ती इंग्रजी नावांसाठी घडलेली, आणि नुसत्या नावावर विसंबून नोंदी एकत्र केल्या तर बाप-लेक एक होऊन बसतात. म्हणून आमचं सॉफ्टवेअर फक्त संशयित जोड्या शेजारी-शेजारी मांडतं: नाव, पत्ता, फोन, शेवटची देणगी. एकत्र करायचं की नाही, हे संस्थेतला माणूस ठरवतो, आणि केलेलं उलटवताही येतं. परिषदेत हा पडदा दाखवला की लोक आपल्या सहकाऱ्यांना हाताला धरून घेऊन येतात, "हे बघ, आपल्याकडे असंच झालंय!"

स्टॉलवर येणारा आणि निर्णय घेणारा माणूस बहुधा वेगळा असतो, हेही तिथेच उमगलं. येतो निधी संकलन बघणारा. होकार द्यायचा असतो हिशेब सांभाळणाऱ्याने, आणि त्याहून वर विश्वस्तांच्या बैठकीने. म्हणून रंगीत माहितीपत्रकाऐवजी आम्ही एक साधं पान छापतो, थेट हिशेबनिसाला उद्देशून: पावत्यांचे क्रमांक कसे चालतात, रद्द पावतीचं काय होतं, बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ कसा घालायचा, लेखापरीक्षकाला काय काढून देता येतं. हे पान बैठकीच्या टेबलापर्यंत पोचतं.

दरांबद्दल मी नेहमी जरा जोर लावून बोलतो, इथेही बोलतो. आलेल्या देणगीतला ठरावीक टक्का कापून घेणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत, आणि छोट्या संस्थेला ते सोयीचं वाटतं, कारण आधी काही भरावं लागत नाही. आम्ही ते केलं नाही. निधी संकलनात काम करणाऱ्यांची १९६० पासूनची अमेरिकन संघटना, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, आपल्या आचारसंहितेत सभासदांना जमवलेल्या निधीच्या टक्केवारीवर मोबदला घेऊ नका असं बजावते. तो नियम माणसांसाठी आहे, सॉफ्टवेअर कंपनीला लागू होत नाही. पण त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. देणगीदाराने मुलांच्या शिक्षणासाठी दिलेल्या मोठ्या रकमेत आमचं काम छोट्या रकमेइतकंच असतं: एक नोंद, एक पावती. मग आमचा वाटा का वाढावा? आम्ही वर्षाची ठरलेली वर्गणी घेतो. पैसे भरण्याच्या यंत्रणेचं जे शुल्क लागतं ते पावतीच्या हिशेबात वेगळं दाखवतो.

मग डेटा. २०२० साली ब्लॅकबॉडवर खंडणीखोर सायबरहल्ला झाला आणि हजारो संस्थांच्या नोंदी त्यात सापडल्या. त्या घटनेची माहिती गुंतवणूकदारांना देताना दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने कंपनीला ३० लाख डॉलर भरायला लावले. त्यानंतरच्या परिषदांमध्ये प्रश्नांचा सूरच बदलला. "काय काय करता येतं?" ऐवजी "आमची माहिती कुठे राहते? कोण बघू शकतं? उद्या तुम्ही बंद पडलात तर?" शेवटचा प्रश्न लहान कंपनीला हमखास विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे. आम्ही त्याचं उत्तर तोंडी देत नाही. डेमोतच 'सर्व माहिती उतरवा' हे बटण दाबतो: देणगीदार, देणग्या, पावत्या, पत्रव्यवहार, सगळं साध्या फाइलींमध्ये, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असं. संस्थेने भरलेल्या वर्गणीची मुदत संपली तरी ठरावीक काळ ते बटण चालू राहतं, हे करारात लिहिलेलं आहे. कार्डाचे क्रमांक आम्ही साठवतच नाही. ते काम पीसीआय डीएसएस हे कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेचं मानक पाळणाऱ्या यंत्रणेकडे, आमच्याकडे फक्त एक सांकेतिक खूण येते.

हीच शिस्त स्टॉलवरही पाळतो. डेमोत खऱ्या देणगीदाराचं नाव कधीही नाही. भेट देणाऱ्याचा बिल्ला स्कॅन करण्याआधी विचारतो, आणि ईमेल पाठवायचा की नाही हे त्यानेच ठरवायचं. दुसऱ्यांच्या देणगीदारांची गोपनीयता सांभाळू म्हणणाऱ्याने पाहुण्याची तरी सांभाळायला हवी.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. सभागृहातल्या इंटरनेटवर भरवसा ठेवू नका, सगळा डेमो लॅपटॉपवरच चालला पाहिजे. टेबल पुढे आडवं टाकलं की माणूस पलीकडेच राहतो. ते बाजूला सरकवा, उभे राहा. गर्दी सत्रांच्या मधल्या सुट्टीत लोटते, तेव्हा डेमो तीन मिनिटांच्या वर नको. सत्र चालू असताना जो एकटा येतो त्याला हवा तेवढा वेळ द्या, तो बहुधा मनापासून शोधत असतो. बोलणं झालं की त्याच्या कार्डामागे त्याचा प्रश्न लगेच लिहा. नंतर पाठवायच्या पत्रात तोच प्रश्न आणि त्याचं उत्तर असावं, बाकी काही नको.

परिषद संपल्यावर लगेच होकार येईल या आशेवर राहू नये. संस्थांची अंदाजपत्रकं, विश्वस्तांच्या बैठका, वर्षअखेरीची देणग्यांची धांदल, या सगळ्यातून वाट काढत निर्णय येतो, कधी पुढच्या परिषदेच्या तोंडावर. धांदलीच्या हंगामात कुणी सॉफ्टवेअर बदलत नाही आणि आम्हीही तसं सुचवत नाही. जुन्या याद्या आणून बसवायचं काम शांत महिन्यांतलं.

सध्या आम्ही दरमहा देणाऱ्यांच्या भागावर काम करतो आहोत. मागच्या परिषदेत एका छोट्या संस्थेच्या कार्यकर्तीने सांगितलं, त्यांचे कितीतरी मासिक देणगीदार स्वतःहून थांबलेलेच नाहीत. कार्डाची मुदत संपली, पैसे कापले जाईनात आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुदत संपण्याआधी संस्थेला कळावं, आणि देणगीदाराला यंत्राचं ठोकळेबाज पत्र न जाता ओळखीच्या माणसाचा फोन जावा, अशी सोय आम्ही करतो आहोत. त्यांच्याच यादीवर, त्यांच्या परवानगीने, चाचणी चालू आहे. ती नीट उतरली तर पुढच्या स्टॉलवर सर्वांत आधी तीच दाखवू.